जळलेला वायू ज्योत थंड कशी करतो?

डिझेल मोटारीचा ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडणारी झडप) बंद करून घ्या, म्हणजे पिकअप सुधारेल, अ‍ॅव्हरेज वाढेल आणि इंजिन ‘मोकळा श्वास’ घेऊ लागेल, असा सल्ला मोटारमालकांना हमखास मिळतो. मग कोणी नळीच्या जोडात बिनछिद्राचा पत्रा बसवून वाट बुजवतो, तर कोणी इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून ही झडप कायमची मिटवतो. एकदा जळून बाहेर पडलेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये कशाला कोंबायचा, हा त्यामागचा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्याचे उत्तर नायट्रोजनच्या रसायनशास्त्रात आहे.

हवेचा ७८ टक्के भाग असलेला नायट्रोजन एरवी कशातच भाग घेत नाही, कारण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. परंतु ज्योत पुरेशी तापली की ऑक्सिजनचे काही रेणू फुटून सुटे अणू तयार होतात आणि हे अणू नायट्रोजनचा रेणू फोडून नायट्रिक ऑक्साइड बनवतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात ही साखळी उलगडली. तिची पहिली पायरी तापमानाला विलक्षण संवेदनशील आहे. ज्योतीचे तापमान २,६०० केल्विनवरून २,४०० वर आणले, म्हणजे जेमतेम आठ टक्क्यांनी उतरवले, तरी या पायरीचा वेगस्थिरांक, म्हणजे तिचा वेग ठरवणारा गुणक, एक तृतीयांशाहूनही खाली येतो. ऑक्सिजनचे सुटे अणूही त्याच वेळी कमी होत असल्याने प्रत्यक्ष घट याहून मोठी असते.

म्हणूनच ज्योत थंड ठेवण्यासाठी जळलेला वायू परत आत सोडतात. पण एक्झॉस्टचा वायू तर गरम असतो. त्याने ज्योत थंड कशी होईल? एक तर अनेक इंजिनांत तो आत सोडण्यापूर्वी शीतकातून फिरवून निववतात. तरीही खरे कारण ते नव्हे. डिझेल इंजिनात इंधन आणि हवा आधी एकजीव झालेली नसतात. इंजेक्टरमधून फवारा उडतो आणि त्याच्या भोवती, जिथे इंधनाची वाफ व ऑक्सिजन नेमक्या प्रमाणात भेटतात, त्या पातळ आवरणातच ज्योत टिकते. त्यामुळे सिलिंडरमध्ये एकूण हवा कितीही जास्त असली, तरी ज्योत आपल्यापुरती सर्वांत उष्ण जागा शोधून तिथेच बसते. आता आतल्या वायूतील ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला असे समजू. तेवढेच इंधन जाळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन मिळवायला ज्योतीला जवळजवळ पाव पट अधिक वायू ओढून घ्यावा लागेल. निर्माण झालेली उष्णता तेवढीच, पण ती वाटून घेणारे रेणू जास्त, म्हणून तापमान उतरते. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांची उष्णता सामावण्याची क्षमता अधिक असते, हेही खरे. मात्र तो वाटा त्या मानाने लहान आहे.

आता पिकअपविषयी. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असता इंजिनाला सगळी हवा हवी असते, म्हणून संगणक ही झडप त्या वेळी स्वतःच मिटवतो. झडप धड असेल, तर ती कायमची बंद करून कमाल शक्तीत भर पडण्याचे काही कारण नाही. ज्यांना फरक जाणवतो त्यांची झडप बहुधा काजळीने अर्धवट उघडी अडकलेली असते, आणि ती साफ केली वा बदलली असती तरी हाच गुण आला असता. ‘मोकळा श्वास’ वगैरे भाषा विक्रीची आहे.

काजळीची तक्रार मात्र खोटी नाही. परत येणारी काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पेटीतून) येणारे तेलाचे तुषार एकत्र येऊन इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या, मार्गात डांबरासारखा थर धरतात. नेहमी जवळचे फेरे करणाऱ्या, पुरेशा न तापणाऱ्या इंजिनात तो लवकर साचतो. काही नव्या रचनांत म्हणूनच काजळी गाळणाऱ्या फिल्टरमधून पार होऊन स्वच्छ झालेला वायू घेतला जातो.

ऑक्सिजन घटला की काजळी वाढते आणि वाढला की नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात, अशी ही ओढाताण आहे. त्यामुळे ईजीआर बंद केलेल्या मोटारीचा काळा धूर खरोखरच कमी होतो आणि मालकाला ती अधिक स्वच्छ झाल्यासारखी वाटते. नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असते. बाहेर पडल्यावर हवेत त्याचे नायट्रोजन डायऑक्साइड होते, जे श्वासनलिकांचा दाह करते आणि उन्हात ओझोन तयार होण्यास हातभार लावते. अनेक देशांत प्रदूषण-नियंत्रणाच्या यंत्रणेत असा फेरफार करणे बेकायदा आहे. परंतु केवळ धुराची अपारदर्शकता मोजणाऱ्या तपासणीत हीच मोटार पूर्वीपेक्षा सहज उत्तीर्ण होऊ शकते.