बादलीतला साबण, शिळेवरचं चित्र

बोअरच्या पाण्यात कपडे धुतले की साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट, चिकट थर बसतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि साबणातली मेदाम्लं एकत्र येऊन पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो, त्याचा हा थर. कला महाविद्यालयात शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफी, शिकवायची झाली तर सुरुवात या बादलीपासून करावी असं मला वाटतं. कारण शिळेवर नेमकं हेच घडतं.

शिळा असते चुनखडकाची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. उत्तम शिळा जर्मनीतल्या बव्हेरियात, झोल्नहोफेनच्या खाणीत मिळते. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या खाजणात संथपणे साचलेला हा गाळ इतका बारीक आहे की त्यात आर्किऑप्टेरिक्स या आदिम पक्ष्याच्या पिसाचाही ठसा उमटून राहिला. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘लिथोग्राफिका’ याच छपाईच्या दगडावरून आलं.

या शिळेवर मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या कांडीनं चित्र काढायचं. कांडीतली मेदाम्लं दगडातल्या कॅल्शियमला धरून बसतात. मग बाभळीच्या जातीचा डिंक आणि त्यात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब असं मिश्रण वरून फिरवायचं. जिथे चित्र नाही तिथे डिंकाचा अतिपातळ थर दगडाला चिकटतो, आणि डिंकाला पाणी प्रिय. आता एकाच सपाट पृष्ठभागावर दोन स्वभाव तयार झाले: चित्राची जागा तेलाची, उरलेली पाण्याची. लाकडी ठशात उंचवटा छापतो, तांब्याच्या पत्र्यावर खोदलेली रेघ. इथे उंच-सखल काही नाही, छापतं ते रसायन.

यानंतरचा क्षण विद्यार्थ्यांसाठी अवघड असतो. टर्पेंटाइननं चित्र पुसून टाकायचं. तीन दिवस राबून केलेलं काम फडक्यावर काळं होऊन निघून जातं, समोर जवळजवळ कोरा दगड. शिक्षकानं इथे काही समजावू नये, ओला स्पंज आणि शाईचा रोलर हातात द्यावा. ओल्या शिळेवर रोलर फिरू लागला की तेलकट शाई पाण्याच्या जागा टाळते आणि फक्त अदृश्य साबणावर बसते. रेघ न् रेघ परत येते. मात्र मध्येच स्पंज फिरवायला विसरलं आणि शिळा सुकली, की शाई वाटेल तिथे धरते. म्हणून दोघांनी मिळून छापणं बरं, एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे रोलर.

हे तंत्र १७९६च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डरला सापडलं, तेही आपली नाटकं स्वस्तात छापता यावीत या खटपटीत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. छापील कागदाला विटाळ मानणाऱ्यांसाठी त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं, असं सांगतात. रसायनशास्त्राची याला काहीच हरकत नसावी, तूपही स्निग्धच! पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मांचा छापखाना मुंबईत निघाला. तिथल्या रंगीत चित्रांना रंगागणिक वेगळी शिळा लागे, आणि प्रत्येक रंग आधीच्या रंगावर अचूक बसवावा लागे.

चुका करण्यात विद्यार्थी पटाईत. अक्षरं उलटी काढायला विसरतात, ही नेहमीची. पण जास्त शिकवून जाते ती बोटाची चूक. काम करताना कोपऱ्यावर हात टेकला, दिसलं काहीच नाही. शाई लागल्यावर मात्र तिथे बोटांचे ठसे उगवतात, कारण त्वचेवरचं तेलही मेदच. म्हणून शिळेवर लाकडी पट्टी आडवी ठेवून, तिच्यावर हात टेकून चित्र काढतात.

प्रती निघाल्या की शिळा दुसऱ्यासाठी मोकळी करायची. दीड फूट बाय सव्वा फूट, तीन इंच जाड शिळेचं वजन ३५ किलोच्या आसपास. ती ओट्यावर ठेवायची, कार्बोरंडम या कठीण घासद्रव्याची भरड पूड आणि पाणी टाकायचं, वर दुसरी शिळा पालथी घालून गोल गोल घासायचं, मग बारीक पूड, मग आणखी बारीक. पहिल्या तासाला मुलं कुरकुरतात. घासणं अर्धवट सोडलं, की दगडात मुरलेला जुना मेद शाई ओढतो आणि नव्या चित्रातल्या आभाळात मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी बैलाची शिंगं उमटतात.