‘परिसर’ पुस्तकात कसा गेला?

वर्गाबाहेर शिकवण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. १९३७च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीने, सूतकताई आणि शेतकामालाच शिक्षणाचे माध्यम मानले. मुंबईतल्या आजच्या शाळांना मुलांना वर्गाबाहेर नेणे का अवघड जाते हे समजून घ्यायचे, तर नंतरच्या काळाकडे आणि ‘परिसर’ या शब्दाकडे पाहावे लागते.

‘परिसर’ म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर दिसते ते. पण ‘परिसर अभ्यास’ हे पुस्तकाचे नाव झाले आणि शब्द ताणला गेला. इयत्ता चौथीच्या भाग २मध्ये शिवचरित्र आहे. ते मुलांनी वाचायलाच हवे, पण त्यासाठी वर्गाबाहेर जायची गरज पडत नाही. तिसरीचे पुस्तक जिल्ह्यानुसार निघाले, हे मात्र योग्य पाऊल होते.

खरा कस लागला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. १९९१ साली शालेय अभ्यासक्रमात पर्यावरण सक्तीचे करण्याचा निर्देश आला. २००३मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयाने पुन्हा बजावले. स्वतंत्र विषय करायचा की सगळ्या विषयांत मिसळायचा, हा वाद त्यातून रंगला. माझ्या मते स्वतंत्र विषयाने घात केला. विषय म्हटला की तासिका आली, गुण आले, प्रकल्पवही आली. तो प्रकल्प तयार स्वरूपात स्टेशनरीच्या दुकानात मिळू लागला, आणि खारफुटी प्रत्यक्ष न पाहताच मुलांनी तिच्यावर दहा पाने लिहिली.

याच काळात शिक्षण हक्क कायद्याने (अंमल १ एप्रिल २०१० पासून) शाळेला मैदान असावे असा निकष घातला. चाळीच्या किंवा इमारतीच्या दोन मजल्यांवर भरणाऱ्या मुंबईच्या शाळांना तो पेलणे अवघडच. तरी या शहराकडे बाहेर नेण्यासारखे पुष्कळ आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे, धारावीलगत जुन्या कचराभूमीवर उभे राहिलेले निसर्ग उद्यान आहे, आणि ओहोटीला उघडे पडणारे खडकाळ किनारे आहेत. अडते ते परवानगी, बस आणि जबाबदारी यांवर. वर्षातली एक ‘सहल’ सहज मंजूर होते. एका तासाची ‘क्षेत्रभेट’ मात्र शिक्षकाला पालकांच्या संमतिपत्रांपासून मांडावी लागते.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना सुचवले आहेत. ते मुख्यतः सुतारकाम, मातीकाम, बागकाम अशा स्थानिक कारागिरीसाठी आहेत. म्हणजे ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जायचे असेल, तर तो तास शिक्षकाला अजूनही वेळापत्रकात शोधावा लागतो.