ज्युलिया नोटबुकमध्ये कशी आली : एका जोडणीची पार्श्वभूमी

ज्युलिया ही संख्यात्मक गणनेची भाषा ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे मजकूर, आज्ञा आणि उत्तरे एकत्र दाखवणाऱ्या ब्राउझरमधील दस्तऐवजात, चालवायची असेल, तर आज फारसे काही करावे लागत नाही. भाषा संगणकावर बसवायची, तिच्या पॅकेज व्यवस्थापकाला (जोड-प्रोग्राम, म्हणजे पॅकेजे, आणून बसवणाऱ्या भागाला) आयज्युलिया हे पॅकेज आणायला सांगायचे आणि नोटबुक उघडताना यादीतून ज्युलिया निवडायची. तरीही नव्याने शिकणारे अनेकजण नेमके इथेच अडतात. कधी यादीत ज्युलिया दिसत नाही, कधी जुनीच आवृत्ती सुरू होते, तर कधी जुन्या मार्गदर्शिकेत दिलेली आज्ञा चालत नाही. यांतील बहुतेक अडचणी समजतात त्या एकच गोष्ट लक्षात घेतल्यावर : नोटबुक आणि भाषा हे दोन स्वतंत्र प्रोग्राम आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. ही रचना कशी घडली, याला बराच जुना इतिहास आहे.

संगणकावर आकडेमोड करण्यासाठी 1957 साली फोरट्रान ही भाषा आली. तिच्यात प्रोग्राम पूर्ण लिहायचा, कंपाइलरमधून (त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून) काढायचा, चालवायचा आणि मग उत्तर पाहायचे असा क्रम होता. 1970च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवणाऱ्या क्लीव्ह मोलर यांनी, विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिताही मॅट्रिक्सची गणिते करता यावीत म्हणून मॅटलॅबची पहिली आवृत्ती तयार केली. एक ओळ लिहिली की लगेच उत्तर, हा संवाद संशोधकांना इतका मानवला की 1984 साली मॅटलॅब व्यावसायिक उत्पादन झाले. त्याचा परवाना विकत घ्यावा लागत असल्यामुळे ऑक्टेव्ह आणि सायलॅब हे मुक्त पर्याय पुढे आले. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने अभियांत्रिकी महाविद्यालयांत सायलॅबचा प्रसार केला, तो याच गरजेतून.

नोटबुकची कल्पना मात्र दुसऱ्या बाजूने आली. 1988 साली आलेल्या मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमध्ये मजकूर, सूत्रे, आज्ञा आणि आलेख एकाच दस्तऐवजात मांडता येत, आणि गणित करणारा भाग पडद्यावर दिसणाऱ्या भागापासून वेगळा ठेवलेला होता. त्या गणित करणाऱ्या भागाला तेव्हापासूनच कर्नल म्हणतात. परंतु ही सारी व्यवस्था एकाच कंपनीची आणि एकाच भाषेसाठी होती.

2001 साली कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या फर्नांडो पेरेझ यांनी पायथनसाठी आयपायथन हे अधिक सोयीचे संवादी आवरण लिहायला घेतले. पुढे ब्रायन ग्रेंजर, मिन रेगन-केली आणि इतर सहकारी त्यात आले. निर्णायक वर्ष ठरले 2011. त्या वर्षी जुलैमध्ये आलेल्या 0.11 या आवृत्तीत आज्ञा घेणारा आणि आज्ञा चालवणारा भाग दोन वेगळ्या प्रक्रियांमध्ये विभागला गेला. दोघांमधले निरोप कोणत्या स्वरूपात जातील याचे नियम लिहून सर्वांसाठी खुले केले गेले. डिसेंबरमधील 0.12 मध्ये याच पायावर ब्राउझरमध्ये चालणारी नोटबुक उभी राहिली. विभागणी पायथनच्या सोयीसाठी झाली होती. पण ते नियम पाळणारी कोणतीही भाषा आता पायथनच्या जागी बसू शकत होती. या साऱ्या इतिहासात सर्वांत दूरगामी परिणाम याच निर्णयाचा झाला, असे माझे मत आहे.

ज्युलियाचे काम 2009 साली सुरू झाले होते. जेफ बेझान्सन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शाह आणि एमआयटीतील गणिताचे प्राध्यापक ॲलन एडलमन हे तिचे चार निर्माते. त्यांपैकी विरल शाह यांनी भारतात आधार प्रकल्पातही काम केले आहे. 14 फेब्रुवारी 2012 रोजी भाषा जगापुढे आली. संशोधक एखादी कल्पना मॅटलॅब किंवा पायथनमध्ये तपासत आणि वेग हवा झाला की तीच पुन्हा सी किंवा फोरट्रानमध्ये लिहीत. हे दुहेरी श्रम वाचवणे हा ज्युलियाचा हेतू होता. त्यासाठी ती प्रत्येक फंक्शन पहिल्यांदा वापरताना यंत्रभाषेत उतरवते. साहजिकच पहिल्या वेळी थांबावे लागते आणि नंतरचे वापर झपाट्याने होतात. पहिला आलेख दिसेपर्यंतची ही प्रतीक्षा अनेक वर्षे तक्रारीचा विषय होती आणि मे 2023 मधील 1.9 आवृत्तीने ती बरीच कमी केली. कर्नल तासन्‌तास चालू राहत असल्याने हा भार एका बैठकीत एकदाच पडतो, म्हणून नोटबुक या भाषेला विशेष मानवली.

दोन्ही प्रकल्पांची गाठ 2013 साली पडली. फूरिए रूपांतर झपाट्याने करणाऱ्या एफएफटीडब्ल्यू या प्रसिद्ध लायब्ररीचे एक कर्ते, एमआयटीचे स्टीव्हन जॉन्सन यांच्या पुढाकाराने आयज्युलिया हा ज्युलियाचा कर्नल तयार झाला. 2014 साली आयपायथनमधील भाषानिरपेक्ष भाग वेगळा करून ज्युपिटर प्रकल्प जाहीर झाला, तेव्हा त्याच्या नावात ज्युलिया, पायथन आणि आर या तिन्ही भाषांना स्थान मिळाले.

आयज्युलिया बसवताना प्रत्यक्षात एक छोटी फाइल ज्युपिटरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये लिहिली जाते. यादीत कोणते नाव दाखवायचे आणि ज्युलियाचा प्रोग्राम कोणत्या मार्गावर सापडेल, मुख्यतः हेच तिच्यात असते. ही फाइल ज्युपिटर पाहत नसलेल्या ठिकाणी पडली, तर यादीत ज्युलिया दिसत नाही. भाषेची नवी आवृत्ती बसवली तरी जुनी फाइल जुन्याच मार्गाकडे बोट दाखवत राहते, म्हणून आयज्युलियाची बांधणी नव्या आवृत्तीतून पुन्हा करावी लागते.

जुन्या मार्गदर्शिका का चालत नाहीत, याचे उत्तर 2018 मध्ये आहे. ऑगस्ट 2018 मध्ये ज्युलियाची 1.0 आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर पॅकेज व्यवस्थाही नव्याने लिहिली गेली. पूर्वी पॅकेज आणण्याची आज्ञा थेट देता येत असे. आता त्याआधी पॅकेज व्यवस्थापक स्वतः बोलावून घ्यावा लागतो. शिवाय प्रत्येक कामासाठी पॅकेजांची वेगळी यादी ठेवण्याची सोय आली. नोटबुकच्या फोल्डरमध्ये किंवा त्याच्या वरच्या फोल्डरांत अशी यादी असली, तर आयज्युलियाचा नेहमीचा कर्नल तीच वापरतो. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण दुसऱ्याच्या संगणकावर तेच पॅकेज त्याच आवृत्तीत मिळण्याची शक्यता तिच्यामुळे वाढते.

2020 साली प्लुटो ही केवळ ज्युलियासाठी लिहिलेली नोटबुक आली. ज्युपिटरमध्ये सेल, म्हणजे आज्ञा लिहिण्याचे चौकोन, कोणत्याही क्रमाने चालवता येतात आणि पुसून टाकलेल्या सेलमधील चल स्मृतीत राहतात; प्लुटो मात्र एक सेल बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे सेल आपोआप पुन्हा चालवते. ज्युपिटरचा आधारच नसल्याने तिला कर्नलची नोंदणीही लागत नाही.

स्वतःच्या संगणकावर काहीच बसवायचे नसेल, तर 2017 मध्ये सर्वांसाठी खुला झालेला गूगलचा कोलॅब, म्हणजे गूगलच्या यंत्रावर ब्राउझरमधून चालणारी नोटबुक, हा मार्ग होता. पण तो मुख्यतः पायथनसाठी होता. ज्युलियाच्या वापरकर्त्यांनी त्यातूनही वाट काढली. पहिल्या सेलमध्ये ज्युलिया उतरवून घेणाऱ्या आणि आयज्युलिया बसवणाऱ्या आज्ञा लिहायच्या, तो सेल पायथनच्या कर्नलवर चालवायचा आणि मग पान पुन्हा उघडून ज्युलिया सुरू करायची. बैठक संपली की गूगलने दिलेले ते आभासी यंत्र पुसले जात असल्याने दर वेळी हे सारे पुन्हा करावे लागे. 2025 साली कोलॅबने ज्युलियाला थेट स्थान दिले, त्यामुळे रनटाइमचा (नोटबुक कोणत्या भाषेत व यंत्रावर चालेल याचा) प्रकार बदलण्याच्या यादीतून ती आता निवडता येते. अतिरिक्त पॅकेजे मात्र अजूनही प्रत्येक नव्या यंत्रावर नव्याने आणावी लागतात.