डॅशकॅम चित्रीकरणावरून नकाशा-दुरुस्ती

गाडीच्या पुढच्या काचेवर लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण आणि त्यासोबत नोंदली गेलेली जीपीएसची स्थाने यांच्या आधारे डिजिटल नकाशातील रस्ते, पाट्या व वाहतुकीचे नियम अद्ययावत करण्याची पद्धत. ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा २००४ साली सुरू झाला. स्वीडनमध्ये २०१३ साली निघालेल्या आणि २०२० मध्ये फेसबुकने घेतलेल्या मॅपिलरी या छायाचित्र-सेवेने रस्त्यावरची छायाचित्रे त्याला जोडून दिली. त्यामुळे हे काम स्वयंसेवकांच्या आवाक्यात आले.

सातारा जिल्ह्यात या पद्धतीचे मोल विशेष आहे, कारण इथे बऱ्याच गोष्टी उपग्रहचित्रात दिसतच नाहीत. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच्या खंबाटकीत अनेक वर्षे पुण्याकडून येणारी वाहने घाट चढत आणि साताऱ्याहून जाणारी बोगद्यातून जात. वरून घेतलेल्या चित्रात घाटाची वळणे स्वच्छ दिसतात, पण वाहतूक एकेरी आहे की दुहेरी हे कळत नाही. बोगदा तर डोंगराच्या पोटातच. घाट दुहेरी दाखवला गेला, तर नकाशावर विसंबलेला चालक समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडी जाईल. डॅशकॅममध्ये प्रवेशबंदीची पाटी, दुभाजक आणि सगळ्या गाड्यांची एकच दिशा हे सारे एका दृश्यात मिळते. नव्या दुहेरी बोगद्यांच्या कामाने तिथली मांडणीच बदलायला घेतली, त्यामुळे जुन्या चित्रीकरणावर भरवसा ठेवून चालत नाही.

साताऱ्याच्या पोवई नाक्यावरचा, २०२१ साली खुला झालेला ग्रेड सेपरेटर (चौकातली वाहतूक वेगवेगळ्या पातळ्यांवरून नेणारा भुयारी मार्ग) ही याहून अवघड जागा. भुयारी रस्त्यात शिरताच जीपीएस तुटते आणि बाहेर पडल्यावर स्थान भलत्याच रस्त्यावर उमटू शकते. अशा वेळी आत जाण्याआधीचे व बाहेर आल्यानंतरचे खात्रीचे बिंदू धरून मधला मार्ग दृश्य पाहत हाताने जोडावा लागतो. कुठला फाटा कुठे निघतो, हे इथे रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला जितके नेमके कळते तितके यंत्राला कळत नाही. म्हणून अंतिम नोंद स्थानिक माणसाने तपासावी, हेच योग्य.

चित्रफितीतून ठरावीक अंतराने चित्रे काढली जातात. गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगात असेल आणि स्थान सेकंदाला एकदाच नोंदले जात असेल, तर दोन नोंदींमध्ये २० मीटर रस्ता मागे पडतो. एवढ्यात सर्व्हिस रोडचे तोंड निसटते. मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड शेजारीशेजारी असल्याने काही मीटरांची चूकही गाडी दुसऱ्याच रस्त्यावर दाखवते. घड्याळाचा घोळ तर नेहमीचा: जीपीएसची नोंद बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, कॅमेरा भारतीय वेळेवर, आणि साडेपाच तासांचा हा फरक जुळवला नाही तर शिरवळची पाटी कराडला जाऊन बसते. एकच पाटी अनेक चित्रांत वेगवेगळ्या कोनांतून दिसली की तिची जागा गणिताने काढता येते. पावसाळ्यात ओली काच आणि महाबळेश्वरकडचे धुके यामुळे पाट्या वाचणे कठीण होते. रंग उडालेले गतिरोधक तर कोरड्या दिवसातही चटकन ओळखू येत नाहीत.

बदल खरा की तात्पुरता, हा निर्णय सर्वांत नाजूक. कराड-मलकापूरजवळ जुना उड्डाणपूल पाडून नव्याचे काम सुरू झाले, तेव्हा वाहतूक बाजूच्या रस्त्यांनी वळवावी लागली. असे डायव्हर्शन कायमचा रस्ता म्हणून नोंदले की काम संपल्यावरही नकाशा लोकांना तिकडेच पाठवत राहतो. त्यामुळे एका फेरीतल्या दृश्यावर न थांबता वेगवेगळ्या दिवशीचे चित्रीकरण ताडून पाहतात.

चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक प्रसिद्धीपूर्वी धूसर करावे लागतात. मॅपिलरी हे आपोआप करते. घरापासून निघतानाचा व घरी परततानाचा भाग मात्र चालकाने स्वतःच कापून टाकावा, कारण त्यावरून राहते घर कळते. गूगलच्या रस्ताचित्रांवरून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये माहिती उतरवण्यास मुभा नाही. स्वतःच्या गाडीतून केलेल्या चित्रीकरणाला ही आडकाठी येत नाही.