देह पुन्हा मऊ होतो तेव्हा

बडोद्यात कुणी मोठे महाराज देह ठेवून गेले की दर्शनाची रांग लागते आणि मोबाइलवर दोन वाक्यं हमखास फिरतात. ‘दुसऱ्या दिवशी हात मऊ झाले, महाराज समाधीतच आहेत.’ आणि ‘कपाळावर घाम आलाय.’ दांडिया बाजारातल्या मराठी घरांतूनही ती भक्तिभावाने पुढे जातात. हात खरोखर मऊ झालेला असतो, कपाळही खरोखर ओलं असतं. चुकतो तो अर्थ.

लांबच्या भक्तांना पोचता यावं म्हणून देह काही दिवस ठेवण्याची पद्धत गुजरातेत आहे. स्वामिनारायण संप्रदायातल्या बीएपीएस संस्थेच्या प्रमुखस्वामी महाराजांनी 13 ऑगस्ट 2016 ला सारंगपूरला देह ठेवला, अंत्यसंस्कार 17 ला झाले. बडोद्याजवळच्या सोखड्याचे हरिप्रसाद स्वामी 26 जुलै 2021 ला गेले, अंत्यसंस्कार 1 ऑगस्टला झाले. इतक्या दिवसांत कुठल्याही देहात बदल होणारच.

आधी मऊपणा. स्नायूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकत असतात. मायोसिनचं डोकं ॲक्टिनला पकडतं, ओढतं आणि सोडतं. आपल्याला वाटतं, ताकद पकडायला लागते. खरं तर ही पकड सुटते ती एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, रेणू येऊन मायोसिनला चिकटला तरच. श्वास थांबल्यावरही स्नायू साठवलेल्या ग्लायकोजनवर, म्हणजे साखरेच्या साठ्यावर, थोडा वेळ एटीपी बनवत राहतात, म्हणून सुरुवातीचा तास-दोन तास देह सैल असतो. मग साठा संपतो. कॅल्शियम कोंडून ठेवणारे पेशीतले पंप बंद पडतात, ते धाग्यांवर पसरतं, डोकी पकड घेतात आणि सोडवायला एटीपी उरलेला नसतो. असंख्य पकडी अडकून बसतात आणि देह ताठतो.

ताठरपणा आधी पापण्या आणि जबड्यात जाणवतो, मग मान, हात, शेवटी पाय. म्हणूनच जाणती माणसं लगेच डोळे मिटतात, हनुवटीला पट्टी बांधतात, पायाचे अंगठे जुळवून बांधतात. पद्मासनात बसवायचं असेल तर तेही याच वेळात करावं लागतं. पूर्ण ताठल्यावर गुडघा जोराने वाकवला तर त्या सांध्याचा ताठरपणा मोडतो आणि परत येत नाही. मागून पाया पडायला आलेल्याला मग तेवढाच पाय मऊ लागतो.

आपल्याकडच्या उकाड्यात साधारण 9 ते 12 तासांत देह पूर्ण ताठतो. दीड-दोन दिवसांत पेशीतलीच विकरं (एन्झाइम्स) प्रथिनांचे धागे तोडू लागतात आणि ज्या क्रमाने ताठला त्याच क्रमाने देह सैल पडतो. हा मऊपणा कुजण्याचा आरंभ आहे, प्राण परतल्याचा नव्हे. बर्फावर ठेवला की हीच क्रिया लांबते. बर्फ काढल्यावर सैलपणा येतो आणि नेमकं तेव्हाच दर्शन चालू असतं. फॉर्मालिन हे देह टिकवायचं रसायन भरलेला देह मात्र घट्टच राहतो, कारण ते प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं.

चेहऱ्यावरचं ‘तेज’ही असंच. सुरुवातीला चेहऱ्याचे स्नायू सैल पडतात, कपाळावरच्या आठ्या उतरतात. रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूला साचतं, त्यामुळे उताण्या किंवा बसवलेल्या देहाचा चेहरा फिकट, उजळ दिसतो.

घामाचं गणित पावसाळ्याचं आहे. हवा 30 अंश सेल्सियस आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन जमू लागते तो, 27 अंशांच्या आसपास येतो. फ्रीझर पेटीतला चेहरा त्याहून बराच गार असतो. आरतीसाठी झाकण उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि कपाळावर थेंब जमतात, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतात तसे. पुसले तरी पुन्हा येतात. घामाच्या ग्रंथींचा इथे काही संबंध नाही.

श्रद्धा असावी, पण मृत्यू झाला की नाही हे हात चेपून ठरत नाही. हृदयाचे ठोके, श्वास, बुबुळांची प्रकाशाला प्रतिक्रिया तपासून डॉक्टर ठरवतात. पंजाबातल्या नूरमहलच्या आशुतोष महाराजांना जानेवारी 2014 मध्ये डॉक्टरांनी मृत घोषित केलं. अनुयायांनी समाधी मानून देह फ्रीझरमध्ये ठेवला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

याहून तातडीची काळजी वाटते ती देह गार ठेवायला वापरतात त्या कोरड्या बर्फाची. हा घनरूप कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंशांचा. पाणी होत नाही, थेट वायू होतो, म्हणून सोयीचा. पण एका किलोचा सुमारे 540 लिटर वायू होतो. 10 बाय 12 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीत 34 हजार लिटर हवा मावते. तिथे दहा किलो बर्फ उडून गेला आणि खोली बंद राहिली, तर कार्बन डायऑक्साइड सोळा टक्क्यांच्या घरात जातो. पाच टक्क्यांना डोकं ठणकतं आणि धाप लागते, दहाच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध हरपते. गार वायू जड असल्यामुळे तो खाली साचतो आणि रात्रभर भजनाला बसलेली माणसं जमिनीवरच असतात. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. म्हणून समोरासमोरची दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हवा बाहेर फेकणारा पंखा जमिनीलगत लावा, बर्फ जाड हातमोज्यांनीच हाताळा. कुणाला गरगरलं तर त्याला तिथे पाणी पाजत बसू नका, आधी उचलून अंगणात न्या.