मागच्या वर्षीचा नफा यंदा वाढला कसा?
(आमच्या ठाणे आणि नवी मुंबईतील ग्राहकांसाठी)

ज्या कंपनीचे शेअर घेतले, तिच्या नव्या अहवालात मागील वर्षाच्या नफ्याचा आकडा जुन्या अहवालाशी जुळत नाही. मग नौपाड्याच्या आमच्या ऑफिसात फोन येतो, "काही घोळ आहे का?" दर वेळी घोळच असतो असे नाही.

ॲपलचेच बघा. आयफोन विकला की पैसे हातात येत, पण पुढे सॉफ्टवेअरमध्ये नव्या सोयी फुकट देण्याचे कबूल केलेले. म्हणून नियमाप्रमाणे ती विक्री २४ महिन्यांत थोडीथोडी जमा धरावी लागे. सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेत हा नियम बदलला. फोनची बहुतेक रक्कम विकल्याबरोबर धरायची आणि पुढच्या सॉफ्टवेअरपुरता छोटा भाग मागे ठेवायचा, असे ठरले. नवा नियम फक्त पुढच्या विक्रीला लावला असता तरी चालले असते. ॲपलने मात्र आपणहून मागचे हिशेबही नव्याने मांडले आणि जानेवारी २०१० मध्ये दाखल केले. २००९ च्या आर्थिक वर्षाची विक्री ३,६५४ कोटी डॉलरवरून ४,२९१ कोटींवर गेली, नफा ५७० कोटींवरून ८२४ कोटींवर. बँकेतली रोकड? जेवढी होती तेवढीच! त्यामुळे नफा वाढलेला दिसला म्हणून लगेच पेढे वाटू नका. नियम बदलला की चूक सापडली, एवढे अहवालाच्या टिपांमध्ये आधी शोधा. टिपा बारीक अक्षरात असतात, पण खरी गोष्ट तिथेच असते.

आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना विक्री कधी जमा धरायची याचा असाच नियम, इंड एएस ११५ (भारतीय हिशेब मानक), १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. हिशेब कायद्याला धरून नसल्याचे संचालकांच्याच लक्षात आले, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३१ खाली मागच्या तीन वर्षांपैकी कुठल्याही वर्षाचे हिशेब दुरुस्त करता येतात. त्याला ट्रायब्युनलची (कंपन्यांची प्रकरणे बघणाऱ्या न्यायाधिकरणाची) परवानगी लागते.

तुमचा सीसीटीव्ही किंवा आरओचा धंदा असेल तर हीच गोष्ट एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात येते. जानेवारीत वर्षभराचे १२,००० रुपये घेतले, तर ३१ मार्चपर्यंतचे उत्पन्न ३,००० आणि उरलेले ९,००० पुढच्या वर्षाचे. जीएसटी मात्र असा वाटून भरता येत नाही, पैसे आले की पूर्ण रकमेवर लागतो. इथे बरेच जण गफलत करतात.

यंदा एएमसीची बिले वेगळ्या फाइलमध्ये आणा. प्रत्येक बिलावर करार कधीपासून कधीपर्यंत, ते लिहिलेले हवे.