पार्श्वभूमी : प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत

पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना १, २, ३ असा पसंतीक्रम लिहिणं नवं नाही. त्या मतपत्रिका मोजताना आपल्याकडे सर्वांत मागे पडलेल्याला बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला देतात. दुसरी रीत साखळी सामन्यांसारखी आहे. प्रत्येक उमेदवाराची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडी लावायची आणि दोघांपैकी कुणाला जास्त मतदारांनी वर ठेवलं ते पाहायचं. सगळ्या जोड्या जिंकेल तो विजयी.

तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनजवळच्या मायोर्का बेटावरच्या रामोन लुल या विचारवंताने चर्चमधल्या निवडींसाठी जोड्या लावायची पद्धत लिहून ठेवली होती. ती विस्मरणात गेली. १७८५ साली फ्रेंच गणिती कॉन्डोर्सेने हाच विचार नव्याने मांडला. त्याचा फ्रेंच विज्ञान अकादमीतला सहकारी बोर्दा म्हणत होता, क्रमांकानुसार गुण द्या आणि बेरीज करा. कॉन्डोर्सेने दाखवलं की बेरजेत पहिला आलेला समोरासमोर हरू शकतो. पण त्याच्या स्वतःच्या पद्धतीतही पेच निघाला, आणि तोही त्यानेच दाखवला. तिघा मतदारांचे क्रम अ-ब-क, ब-क-अ आणि क-अ-ब असतील, तर अ हा ब ला हरवतो, ब हा क ला, आणि क पुन्हा अ ला!

पुढची सगळी डोकेफोड हे चक्र तोडण्यासाठी. १८७०च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स डॉजसन (लुईस कॅरल नावाने मुलांसाठी लिहिणारा तोच) कॉलेजातल्या मतदानाच्या निमित्ताने याच प्रश्नात शिरला. हातांनी मोजायचं तर काम किचकट. १५ उमेदवार म्हणजे १०५ जोड्या. संगणकांनी ती अडचण संपवली, आणि डेबियन या सॉफ्टवेअर प्रकल्पाने जोड्यांची ही पद्धत आपल्या घटनेतच घातली. सरकारं मात्र तिच्याकडे फारशी वळलेली नाहीत.

आपल्या १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही नेमके १५ उमेदवार होते. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी पुढे, नीलम संजीव रेड्डी दुसरे, तर संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलेले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९ मतमूल्यासह (या निवडणुकीत प्रत्येक मताला ठरलेलं मूल्य असतं) तिसरे. विजयासाठी लागणारा मतांचा कोटा कुणीच गाठला नाही. एकेक उमेदवार बाद होत गेला आणि देशमुखांच्या मतपत्रिका वाटल्यावर गिरी जिंकले. गिरी आणि रेड्डी यांना पहिली पसंती देणाऱ्यांनी दुसऱ्या क्रमांकावर कुणाला ठेवलं होतं, हे मोजायची मात्र नियमाप्रमाणे गरजच पडली नाही. देशमुख त्या दोघांपैकी एकाला तरी समोरासमोर भारी पडले असते का, हे त्याच मतपत्रिकांवरून ठरलं असतं.